वळवाच्या पावसात ओढ्याचे पाणी कसे तपासावे

पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थी प्रकल्पांत नदी-ओढ्यांच्या पाण्याची तपासणी हमखास असते, पण ती बहुतेक वेळा कोरड्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास आणि सगळ्यांच्या सवडीने केली जाते. अशा नमुन्यांवरून ओढ्याची रोजची प्रकृती कळते. मात्र वर्षभरात ओढ्यातून वाहून जाणारा गाळ, रस्त्यावरची तेलकट घाण आणि तळाशी साचलेली मळी यांचा मोठा हिस्सा ज्या मोजक्या तासांत खाली जातो, ते तास या नमुन्यांतून निसटतात. मार्चअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारनंतर कोसळणारा वळीव हा अशा तासांपैकी सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याआधी कित्येक महिने पाऊस नसतो आणि रस्ते, गटारे व पात्र यांत जे काही साठलेले असते ते एकदमच सुटते. पहिल्या पावसानंतर नदीत मासे मेल्याच्या ज्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी कुठून ना कुठून येतात, त्यांतील अनेकींचे मूळ या सुटलेल्या घाणीत असते.

पुढील मार्गदर्शन पुण्याच्या पश्चिमेकडील राम नदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. भुकूमजवळ खाटपेवाडीच्या तलावापासून निघून भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर असा प्रवास करीत औंधजवळ मुळेला मिळणारी ही जेमतेम वीस किलोमीटरची नदी प्रत्यक्षात एक मोठा ओढाच आहे. वरच्या टोकाला शेते व टेकड्या, मध्ये दाट वसाहती, वाटेत पाषाणचा तलाव आणि उन्हाळ्यात पात्रात मुख्यतः सांडपाणी, अशी तिची रचना असल्यामुळे अभ्यासासाठी ती फार सोयीची आहे. महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही शहरी ओढ्यासाठी हीच पद्धत थोड्या फरकाने चालेल.

पावसाआधीची नोंद

वादळी पावसातील आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतो; तो पावसाआधीच्या आकड्याशी ताडून पाहिला तरच काही सांगतो. म्हणून ढग दिसल्यावर धावपळ करण्याऐवजी मार्चच्या मध्यापासून दर आठवड्याला त्याच जागी कोरड्या दिवसाची नोंद घेण्यास सुरुवात करावी. येथे वेळेची एक अट आहे आणि ती बहुतेक गटांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात ओढ्यातील शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते, त्यामुळे एकाच जागी पहाटे व दुपारी घेतलेल्या विरघळलेल्या प्राणवायूच्या आकड्यांत पाऊस न पडताही मोठा फरक असतो. वळीव साधारणपणे दुपारी तीननंतर येतो. तेव्हा तुलनेसाठीची कोरडी नोंदही दुपारी तीन ते सहा याच वेळेत घेतलेली असावी. सकाळी आठच्या नोंदीशी संध्याकाळच्या पावसाळी पाण्याची तुलना केल्यास जो बदल दिसेल, तो पावसाचा की घड्याळाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

याच काळात पात्राचे मोजमाप उरकून घ्यावे. पाणी घोट्याइतके असताना काठापासून काठापर्यंत दोरी ताणून दर अर्ध्या मीटरवर खोली मोजली, आणि कोरडे काठही पूररेषेपर्यंत त्याच दोरीवरून मोजून ठेवले, तर पुढे पाण्याची केवळ पातळी पाहून प्रवाहाचे क्षेत्रफळ काढता येते. पुलाच्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात. त्यासाठी महानगरपालिकेच्या संबंधित खात्याची लेखी परवानगी घ्यावी आणि तिची प्रत वहीत चिकटवून ठेवावी, कारण पुलाच्या खांबाशी रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या मुलांना हटकले जाणे स्वाभाविक आहे.

जागा कोणत्या निवडाव्यात

तीन जागा पुरेशा आहेत. सहा जागा निवडून प्रत्येक ठिकाणी एकच नमुना घेणाऱ्या गटापेक्षा दोन जागा निवडून प्रत्येक ठिकाणी आठ नमुने घेणाऱ्या गटाला अधिक कळते, कारण वादळात पाणी जागेनुसार जितके बदलते त्याहून जास्त वेळेनुसार बदलते. राम नदीवर एक जागा भूगावच्या वर, वस्ती विरळ असलेल्या भागात घ्यावी, दुसरी बावधनच्या खाली आणि तिसरी पाषाण तलावाच्या खालच्या अंगाला, सोमेश्वरवाडीच्या परिसरात.

तलावाच्या वरच्या आणि खालच्या जागांची तुलना मात्र सांभाळून करावी लागते. तलावात शिरलेले गढूळ पाणी तेथे थबकते, गाळ खाली बसतो आणि बाहेर पडणारे पाणी बऱ्याच उशिराने व सौम्य होऊन येते. एकाच घटकेला दोन्हीकडे घेतलेले नमुने म्हणजे एकाच पाण्याचे दोन टप्पे नव्हेत. तलावाखालचे पाणी दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीही तपासले नाही, तर तलावाने सगळी घाण गिळली असा चुकीचा निष्कर्ष सहज निघतो.

नमुना घेण्यासाठी पूल उत्तम. पुलाच्या वरच्या बाजूने, म्हणजे ज्या दिशेने पाणी येते त्या बाजूने नमुना घ्यावा. पुलावरून ठिबकणारी घाण त्यात मिसळत नाही आणि वाहून येणारा ओंडका आधी दिसतो. बुटकी फरशी, जिच्यावरून पूर आल्यावर पाणी जाते, ती कितीही सोयीची वाटली तरी निवडू नये. पुलाखाली एखादा नाला येऊन मिळत असल्यास दोन्ही पाणी पूर्ण मिसळेपर्यंत बरेच खाली जावे लागते. कोरड्या दिवशी पात्राच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागात विद्युतवाहकता मोजून ती सारखी येते का हे पाहणे, ही मिसळण तपासण्याची सोपी रीत आहे.

वीज आणि लोंढा

या प्रकल्पातील सर्वांत मोठा धोका पाण्याआधी आकाशातून येतो. वळवाच्या पावसात वीज पडण्याची शक्यता पावसाच्या पहिल्या थेंबाआधी आणि शेवटच्या थेंबानंतरही असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरतात. हा अवधी तीस सेकंदांपेक्षा कमी, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत असल्यास पूल सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर पूर्ण तीस मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली, पत्र्याच्या टपरीत किंवा पुलाच्या लोखंडी कठड्याला टेकून थांबणे म्हणजे आडोसा नव्हे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, जिचे आवार पाषाणमध्येच आहे, ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप उपलब्ध करून दिले आहे. आपल्या आसपास विजा कोठे पडत आहेत हे त्यावर दिसते. भारतीय हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही पाहावा. दोन्ही पाहणारी व्यक्ती नमुने घेणाऱ्यांपैकी नसावी, कारण बादली खेचणाऱ्या हाताला फोन पाहायला सवड नसते.

दुसरा धोका लोंढ्याचा. वळीव एका पेठेत कोसळतो आणि शेजारच्या पेठेत धूळही बसत नाही; म्हणून डोक्यावर ऊन असतानाही वरच्या अंगाला झालेल्या पावसाचे पाणी अचानक येऊ शकते. राम नदीचे खोरे किती झटकन भरते याचा अनुभव ४ ऑक्टोबर २०१० रोजी पाषाण परिसराने घेतला, तेव्हा सुमारे दीड तासात १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने पुण्यात अनेकांचे जीव घेतले, आणि तो ओढाही एरवी उडी मारून ओलांडावा असाच आहे. पावसाळी पाण्यात कोणीही उतरायचे नाही, हा नियम म्हणून सर्वांकडून लिहून घ्यावा: घोट्याइतक्याही नाही, बाटली निसटली तरी नाही, चप्पल वाहून गेली तरी नाही. नमुना पुलावरून दोराने घ्यावा. दोराचे टोक मनगटाला किंवा कमरेला बांधू नये, कठड्यालाही पक्क्या गाठीने बांधू नये. बादलीत ओंडका अडकला तर दोर सोडून देता आला पाहिजे. काठावर फेकण्याजोगा लांब दोर आणि मोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब ठेवावी. कोणी पडल्यास मागोमाग उडी न मारता दोर फेकायचा, हे कोरड्या दिवशी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

गटात किमान चार जण असावेत आणि त्यांपैकी एक प्राध्यापक किंवा प्रौढ मार्गदर्शक. काम थांबविण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला असावा, प्रथम वर्षाच्या सर्वांत बुजऱ्या विद्यार्थ्यालाही, आणि तो वापरल्यावर कारण विचारत बसू नये. अंधार पडल्यावर पुलावर थांबू नये.

आरोग्याबाबत थोडक्यात: हे पाणी सांडपाणी आहे असे समजूनच वागावे. रबरी हातमोजे व गमबूट घालावेत, हातापायावर उघडी जखम असलेल्याने त्या दिवशी वहीचे काम करावे, धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होण्याचा त्रास झाल्यास डॉक्टरांना पुराच्या पाण्याशी संबंध आल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे निदान या एका वाक्यामुळे लवकर होऊ शकते.

काय मोजावे

विद्यार्थ्यांच्या गटाने पाच गोष्टी नीट मोजाव्यात: पाण्याची पातळी, तापमान, गढूळपणा, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू. सामू (पीएच) मोजायला हरकत नाही, पण वादळात तो फारसा हलत नाही. नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया हे प्रयोगशाळेची सोय असेल तरच घ्यावेत.

विद्युतवाहकता हे या यादीतील सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत बोलके मोजमाप आहे. सांडपाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे कोरड्या दिवसांत ती चढी असते, तर पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. त्यामुळे पावसाचे पाणी ओढ्यात पोहोचले त्या मिनिटाला ती घसरू लागते. गढूळपणा त्याच वेळी वर जातो. कधी कधी विद्युतवाहकता घसरण्याआधी थोडा वेळ चढते. गटारात तुंबलेले दाट सांडपाणी पावसाच्या पाण्याने पुढे ढकलले गेल्याची ती खूण असू शकते, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत नमुने न घेणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

गढूळपणासाठी गढूळपणामापक नसल्यास तळाशी काळी-पांढरी खूण असलेली पारदर्शक लांब नळी वापरावी. नळीत पाणी भरून खूण दिसेनाशी झाल्यावर हळूहळू पाणी सोडत जावे आणि खूण पुन्हा दिसू लागताच उंची वाचावी. हे वाचन सावलीत, प्रत्येक वेळी त्याच विद्यार्थ्याने, गॉगल काढून करावे. वादळी पाण्यात गाळ काही सेकंदांतच खाली बसू लागतो, तेव्हा नळी भरल्यावर वेळ दवडू नये.

प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी काठावर दहा मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि कोरड्या दिवशी सालीसकट संत्रे पाण्यात सोडून ते अंतर किती सेकंदांत कापते हे चार-पाच वेळा पाहावे. पुरात काही सोडण्याची गरज नसते. वाहून येणारी फांदी किंवा बाटली तेच काम करते. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ०.८५ ने गुणून मग क्षेत्रफळाने गुणावे.

उपकरणांची जुळणी निघण्यापूर्वी त्याच दिवशी करावी. सामूमापकासाठी ४, ७ आणि ९.२ ही प्रमाण द्रावणे आपल्याकडे सहज मिळतात; विद्युतवाहकतेसाठी १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरचे द्रावण वापरावे, आणि मापक २५ अंश सेल्सिअसला समायोजित आकडा दाखवतो की कच्चा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. भाजलेल्या डांबरावरून येणाऱ्या पहिल्या पाण्याचे तापमान ओढ्यापेक्षा जास्त, आणि गारा पडल्यास बरेच कमी असू शकते. समायोजन नसेल तर विद्युतवाहकतेतील निम्मा बदल तापमानाचाच निघायचा.

आपोआप भरणाऱ्या बाटल्या

वादळाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पाणी चढत असतानाचा काळ, आणि नेमका तोच काळ विजेमुळे माणसांनी आत बसून काढायचा असतो. ही कोंडी फोडण्यासाठी जलविज्ञानात जुनी आणि अगदी साधी युक्ती आहे: पाणी चढेल तशा एकामागून एक आपोआप भरणाऱ्या बाटल्या. महाविद्यालयाच्या रसायनशाळेतील सामानातून ती एका दुपारी तयार होते.

अर्धा लिटरच्या, रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्याव्यात आणि प्रत्येकीला दोन भोकांचे रबरी बूच बसवावे. एका भोकातून पाणी आत आणणारी नळी जाते. ती बाहेरच्या बाजूला उलट्या ‘यू’सारखी वाकवून तिचे तोंड खाली आणावे. दुसऱ्या भोकातून हवा बाहेर जाण्याची नळी निघते. ती सरळ वर, पहिल्या नळीच्या वाकापेक्षा बरीच उंच न्यावी. ओढ्याची पातळी वाकाच्या माथ्यापर्यंत चढली की पाणी माथा ओलांडून आत येऊ लागते आणि आतली हवा दुसऱ्या नळीने बाहेर पडते. बाटली भरली की हवेची वाट पाण्याने बंद होऊन भरणे थांबते. अशा चार-पाच बाटल्या एका मजबूत लोखंडी कोनपट्टीवर वीस-वीस सेंटिमीटरच्या अंतराने बांधल्या, तर पूर चढतानाच्या चार-पाच पातळ्यांचे नमुने माणूस जवळ नसताना मिळतात.

कोनपट्टी खांबाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी खांबाला वळसा घालून पुढे जाते तेथे बसवावी, म्हणजे वाहून येणारे ओंडके थेट आदळत नाहीत. नळीच्या तोंडाला जाळी लावण्याचा मोह होतो. शहरी ओढ्यात ती चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी पहिल्या काही मिनिटांतच बंद होते. त्याऐवजी नळी जरा मोठ्या व्यासाची घ्यावी आणि तोंड प्रवाहाला आडवे ठेवावे. बाटल्या जांभळ्या, लाल अशा आकर्षक झाकणांच्या नसाव्यात, नाहीतर पाऊस येण्यापूर्वीच त्या नाहीशा होतात. मातकट रंगाची चिकटपट्टी गुंडाळावी आणि शेजारच्या वस्तीत हे काय आहे ते सांगून ठेवावे.

या बाटल्या कोणत्या पातळीला भरल्या ते कळते, केव्हा भरल्या ते कळत नाही. त्यासाठी पुलासमोरच्या एखाद्या इमारतीच्या खिडकीतून खांबावरच्या खुणांचे दर पाच मिनिटांनी छायाचित्र घेणारा जुना मोबाइल पुरतो. तेवढेही शक्य नसल्यास पुराची कमाल पातळी तरी पकडावी: भोके पाडलेल्या उभ्या पीव्हीसी पाइपात लाकडी पट्टी आणि तळाशी बुचाचा थोडा भुगा ठेवला, तर पाणी चढताना भुगा तरंगत वर जातो आणि पाणी ओसरताना कमाल पातळीवर पट्टीला चिकटून राहतो.

गाळ, गढूळपणा आणि विद्युतवाहकता यांसाठी हे नमुने चांगले आहेत. प्राणवायू आणि जंतू यांसाठी ते निरुपयोगी आहेत, कारण पाणी हवेशी घुसळून आत येते आणि नळ्या निर्जंतुक नसतात. पूर ओसरतानाच्या भागासाठी मात्र माणसेच हवीत: गडगडाट थांबून अर्धा तास झाल्यावर पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, नंतर दर अर्ध्या तासाने, उजेड असेपर्यंत, मग दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी त्याच वेळी एकेक नमुना.

प्राणवायूची बाटली

बादलीतल्या पाण्यातून प्राणवायू मोजू नये. पुलावरून टाकलेली बादली पाण्यावर आदळताना एवढी हवा मिसळते की आकडा फुगतो. केबल लांब असलेला मापक थेट प्रवाहात सोडणे उत्तम. तो नसल्यास रसायने घालून प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत आहे, आणि ती हाताने एकदा केलेला विद्यार्थी प्राणवायू म्हणजे काय हे विसरत नाही.

त्यासाठी वजन लावलेल्या डब्यात ३०० मिलिलिटरची काचेची बाटली ठेवून डब्याच्या झाकणातून नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यावी, म्हणजे पाणी तळापासून भरत वर येते आणि पहिले पाणी ओसंडून डब्यात जाते. बाटली वर आल्यावर बूच तिरपे सरकवत बसवावे आणि बाटली उलटी करून आत बुडबुडा नाही ना हे पाहावे. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती बाटली ओतून टाकावी. मग पिपेटचे टोक पाण्याखाली धरून १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि १ मिलिलिटर अल्कलाइन आयोडाइड-अझाइड घालावे, बूच लावून बाटली वीसेक वेळा उलटीसुलटी करावी. साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळासारखा थर, तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, आणि रंग जितका गडद तितका तो जास्त. साका पांढराच राहिला तर प्राणवायू जवळजवळ नाही. मे महिन्यात सांडपाण्याने भरलेल्या ओढ्यात हे घडते, तेव्हा रसायन खराब आहे असे समजून दुसरी बाटली उघडण्यापूर्वी नळाच्या पाण्यावर एकदा करून पाहावे.

तीव्र गंधकाम्ल ओल्या पुलावर नेऊ नये. साका बसलेली बाटली सावलीत ठेवून काही तासांतच प्रयोगशाळेत न्यावी, तेथे आम्ल घालावे आणि २०१ मिलिलिटर द्रावणाचे ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने, स्टार्च दर्शक वापरून टायट्रेशन करावे. २०१ हा आकडा विचित्र वाटतो, पण दोन रसायनांनी बाटलीतून बाहेर ढकललेले पाणी हिशेबात धरले की तो मूळ २०० मिलिलिटर पाण्याइतका होतो, आणि त्यामुळे जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागेल तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू असे सरळ उत्तर येते. फार गढूळ पाण्यात गाळ आयोडीन शोषून घेतो व आकडा कमी येतो. अशा नमुन्यात आधी तुरटीने गाळ खाली बसवून वरचे निवळ पाणी वापरण्याची सुधारित रीत आहे.

आलेला आकडा संपृक्ततेशी ताडून पाहावा. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ७.१ च्या आसपास येतो. दुपारच्या हिरव्या पाण्यात याहून जास्त आकडा मिळाला तर ती शेवाळाची करामत आहे, पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे.

नमुने, बाटल्या आणि वही

बादली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि विसळलेले पाणी पुलाच्या खालच्या बाजूला टाकावे. बाटलीवरची खूण झाकणावर न लिहिता बाटलीच्या अंगावर लिहावी. झाकणे अदलाबदल होतात. वही शिसपेन्सिलीने लिहावी. वेळ सर्वांनी एकाच फोनवरून घ्यावी आणि ‘दुपारी’ असे न लिहिता १६:४० असे लिहावे. पाऊस केव्हा सुरू झाला, वारा कोठून होता, पाण्याला वास कसला, फेस होता का, मेलेले मासे दिसले का, हेही लिहावे. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घ्यावा, आणि एका बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी भरून तीही पुलापर्यंत नेऊन परत आणून तपासावी. तिच्यात काही सापडले तर घाण आपल्या हातची.

जैविक प्राणवायू मागणीची, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू वापरतात याची, चाचणी भारतात २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. गुरुवारचा नमुना म्हणजे रविवारी कुलूप उघडायला कोणीतरी हवे, हे आधी ठरवावे. कोलिफॉर्मचा, म्हणजे मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जंतूंचा, नमुना निर्जंतुक बाटलीत, न विसळता, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. संध्याकाळी सहाच्या पावसासाठी हे जमणार नसेल तर ती चाचणी सोडून द्यावी. मैल्यातील जंतू असल्यास जिच्यात पाणी काळे पडते ती हायड्रोजन सल्फाइडची कुपी विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यासाठी उपयोगी आहे. शहरी ओढ्याच्या पाण्यात ती काळीच पडणार, मग पैसे कशाला घालवायचे?

आकडे वाचताना

सर्व आकडे एकाच आलेखावर वेळेनुसार मांडावेत: पाऊस, पातळी, गढूळपणा, विद्युतवाहकता. नंतर वेळ बाजूला ठेवून आडव्या अक्षावर प्रवाह आणि उभ्या अक्षावर गढूळपणा असा दुसरा आलेख काढावा व बिंदू घडले त्या क्रमाने जोडावेत. बहुधा एक फास तयार होतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला, म्हणजे पाणी कमाल पातळीला पोहोचण्याआधीच गढूळपणा कळसाला गेला, तर गाळाचा साठा जवळचा आहे: पात्रातली मळी, लगतचे रस्ते, काठावर टाकलेला राडारोडा. उलट दिशेने फिरला तर गाळ दूरवरून, उशिरा येतो आहे. बावधनच्या वरच्या अंगाला एखादी टेकडीफोड सुरू आहे का हे नकाशावर आणि पायी जाऊन पाहावे. एका वादळावरून निर्णय देऊ नये. मोसमात तीन-चार वादळे मिळाली आणि फास दर वेळी त्याच दिशेला फिरला, तर बोलायला आधार मिळतो.

तीव्रता आणि एकूण वहन यांत गल्लत करू नये. समजा, कोरड्या दिवशी प्रवाह सेकंदाला ५० लिटर आणि गाळ ४० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. म्हणजे सेकंदाला २ ग्रॅम गाळ जातो. वादळात प्रवाह २,००० लिटर आणि गाळ १,२०० मिलिग्रॅम प्रति लिटर झाला, तर सेकंदाला २.४ किलोग्रॅम. तीव्रता तीसपट वाढली, वहन बाराशेपट. दुसरीकडे अमोनियासारख्या घटकाची तीव्रता पावसाने निम्म्यावर येते, तेव्हा पाणी सुधारले असे वाटते. प्रवाहाने गुणून पाहिल्यावर तो खाली पूर्वीपेक्षा जास्तच गेल्याचे दिसते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानायोग्य पाण्यासाठी प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि जैविक प्राणवायू मागणी ३ पर्यंत, असे निकष आहेत. तुलनेसाठी ते द्यावेत, पण वादळाच्या पंचवीस मिनिटांवरून नदीला वर्ग बहाल करू नये.

अहवाल महापालिकेला किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असेल तर त्याची कायदेशीर मर्यादा विद्यार्थ्यांना आधी समजावून सांगावी. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे कारवाईसाठी ग्राह्य धरला जाणारा नमुना मंडळाने किंवा त्याच्या अधिकृत अधिकाऱ्याने, ठरवून दिलेल्या पद्धतीने घेतलेला असावा लागतो. विद्यार्थ्यांचे आकडे न्यायालयातील पुरावा ठरत नाहीत. अधिकाऱ्यांनी कोठे, आणि पाऊस सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी नमुना घ्यावा, हे मात्र त्यांतून नेमके सांगता येते. म्हणून पत्रात कोणत्याही कारखान्याचे वा गृहसंकुलाचे नाव घेऊन आरोप न करता जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, छायाचित्र आणि पावसाआधीचा व नंतरचा आकडा एवढेच द्यावे, आणि कच्च्या नोंदवहीची प्रत सोबत जोडावी.